कॅमोमाइल: कुंडीतलं फूल, पाकिटातला हिशोब



व्हिडिओत मी कॅमोमाइलची कुंडी हातात धरून उभी होते, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, हे घरी लावून विकता येईल का?" उत्तर हो असं आहे. पण "फुलं वाळवली, पाकिटात भरली, विकली" एवढं सोपं समजून उतरलात तर पहिल्या हंगामानंतर तुम्ही हे झाड परत लावणार नाही. माझंही तसंच होणार होतं. म्हणून आज लावण्यापासून लेबलापर्यंत सगळं सांगते, माझे आकडे उघडे ठेवून.

आमचं दुकान नाशिकला. मसाले, पापड, वाळवणाचे प्रकार, थोड्या सुक्या वनस्पती. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने कॅमोमाइल मागितलं, माझ्याकडे नव्हतं. मग बाहेरून आलेलं एक छोटं पाकीट विकत घेतलं, किंमत बघितली आणि डोक्यात चक्र सुरू झालं. गच्ची आपली, पाणी आपलं, फुलं झाडाला फुकट येणार. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटलेली मी, आणि पहिल्याच हिशोबात स्वतःचा वेळ शून्य रुपयांचा धरला! ते पुढे सांगतेच.

आधी झाड ओळखा

कॅमोमाइल म्हणून दोन झाडं चालतात. एक जर्मन कॅमोमाइल, हे एका हंगामाचं झाड. फूटभर ते दोन फूट उंच वाढतं, बारीक शेपूसारखी पानं, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळा उंचवटा. दुसरं रोमन कॅमोमाइल, ते बुटकं, जमिनीलगत पसरणारं आणि बहुवर्षायु. पेयासाठी जगभर जास्त चालतं ते जर्मन आणि आपल्या हिवाळ्यात कुंडीत जमतं तेही तेच. आपण त्याच्याबद्दलच बोलतोय.

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही बरं का. युनानी औषधं विकणाऱ्या जुन्या दुकानात "बाबूना" किंवा "गुले बाबूना" मागा, हेच फूल काढून देतील. उत्तर भारतात लखनौच्या बाजूला त्याची शेती होते. तिथल्या सीमॅप या सरकारी संशोधन संस्थेने त्याचं "वल्लरी" नावाचं वाणही काढलंय. खारवट, चोपण जमिनीतही हे पीक तग धरतं, म्हणून तिकडच्या ऊसर जमिनींसाठी त्याचा विचार झाला. जागतिक बाजारात वाळलेल्या फुलांचा मोठा पुरवठा इजिप्तमधून होतो. हे लक्षात ठेवा, कारण किलोच्या भावात आपली गाठ त्यांच्याशी आहे आणि तिथे आपण टिकणार नाही.

बियाण्यात फसवणूक किंवा गोंधळ खूप होतो. "कॅमोमाइल" लिहिलेल्या पाकिटातून भलतीच डेझी उगवलेली मी स्वतः पाहिली आहे. खात्री करायची साधी पद्धत अशी: पूर्ण उमललेलं फूल घ्या आणि ब्लेडने देठापासून वर उभं चिरा. मधला पिवळा उंचवटा आतून पोकळ दिसला तर ते जर्मन कॅमोमाइल. भरीव असेल तर दुसरं काहीतरी. शिवाय फूल बोटांत चुरडलं की गोडसर, सफरचंदासारखा वास यायला हवा. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच मुळी "जमिनीवरचं सफरचंद" असा आहे. वास नाही आणि पोकळीही नाही, तर ते फूल फुलदाणीत ठेवा. गिऱ्हाइकाला पाजू नका.

लावणं

पाऊस गेला, ऑक्टोबर हीट ओसरायला लागली की बी टाकायचं. माझा अंदाज दसरा ते दिवाळी. लवकर टाकलं तर उकाड्यात रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. डिसेंबरात टाकलं तर फुलं यायला आणि ऊन तापायला एकच गाठ पडते. कोकणात किंवा मुंबईत हिवाळा आखूड आणि दमट, तिथे हे झाड नाशिक-पुण्याइतकं खूश राहत नाही. तिथल्या मंडळींनी चार कुंड्या लावून बघाव्यात, त्यावर धंदा उभा करू नये.

बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये हजारोंनी मावतं. चिमूटभर बी दोन-तीन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळायचं आणि ट्रेमधल्या ओल्या कोकोपीटवर भुरभुरायचं. वरून माती टाकायची नाही! याला उगवायला उजेड लागतो. मी पहिल्यांदा मेथी पेरल्यासारखं मातीने झाकलं आणि पंधरा दिवस रिकाम्या ट्रेकडे बघत बसले. झारीनेही पाणी नको, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या, किंवा फवारणीची बाटली वापरा. आठवड्या-दहा दिवसांत हिरवी लव दिसते.

चार-पाच आठवड्यांत रोप दोन-तीन इंचांचं झालं की कुंडीत हलवा. बारा इंची कुंडीत तीन रोपं पुरे. माती भुसभुशीत, पाणी निथळणारी हवी. खत मात्र हात राखून. आपल्याला सवय असते, जीव लावला की खत घालायचं. कॅमोमाइलला जास्त शेणखत, गांडूळ खत घातलं की झाड हिरवंगार माजतं आणि फुलं कमी देतं. कुंडीच्या मातीत एक पंचमांश जुनं खत मिसळलं तर नंतर काही लागत नाही. ऊन पाच-सहा तास हवं. पाणी माती वरून सुकली की सकाळी.

मावा येतो, विशेषतः जानेवारीत ढगाळ हवा झाली की. फूल प्यायचंय, त्यामुळे औषध फवारायचं नाही. कडुनिंबाचं तेलही कळ्या धरल्यावर मारू नका, वास आणि कडूपणा फुलात उतरतो. मी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढते आणि फार माखलेली फांदी सरळ कापते.

साधारण डिसेंबरअखेर ते मार्च हा फुलांचा काळ. मार्चमध्ये ऊन चढलं की झाड पिवळं पडतं. त्याचं आयुष्य तेवढंच, तुमचं काही चुकलेलं नसतं. शेवटची काही फुलं झाडावरच सुकू द्या, पुढच्या वर्षीचं बी फुकट मिळतं.

तोडणी आणि वाळवण: इथे माझे पैसे गेले

फूल कधी तोडायचं? पांढऱ्या पाकळ्या आडव्या, सपाट पसरलेल्या असतात तेव्हा. पाकळ्या खाली झुकून पिवळा उंचवटा वर आला की फूल वयात जास्त झालं, वाळताना ते विस्कटतं. सकाळी दव उडून गेल्यावर, ऊन तापायच्या आधी तोडायचं. बोटं फणीसारखी पसरून देठांमध्ये घालायची आणि वर ओढायची, फुलं बोटांत अडकून येतात. आठ-दहा दिवसांनी परत तोडणी.

आता वाळवण. वाळवण म्हटलं की आपल्याला गच्ची, साडी, कुरडया आणि कडक ऊन आठवतं. इथे ते सगळं विसरा. उन्हात वाळवलेलं कॅमोमाइल दिसायला वाळलेलंच असतं, पण ज्या सुगंधासाठी गिऱ्हाईक पैसे देतं तो तेलाचा अंश उडून गेलेला असतो आणि रंगही उतरतो. सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत, एकेरी थर. मी लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकून घेतली आहे, म्हणजे खालूनही हवा लागते. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पाच-सात दिवस लागतात.

माझी चूक ऐका. पहिल्या दोन तोडण्यांची फुलं तिसऱ्या दिवशी हाताला कुरकुरीत लागली. मी खूश होऊन बरणी भरली, झाकण घट्ट लावलं. बारा दिवसांनी गिऱ्हाइकाला दाखवायला बरणी उघडली, तर कुबट वास आणि फुलांवर करडी लव. ८० ग्रॅम माल, दोन तोडण्या, सगळा फेकला. पाकळ्या दोन दिवसांत वाळतात हो, ओल लपलेली असते मधल्या पिवळ्या बोंडात. म्हणून आता बोंड तपासल्याशिवाय मी बरणी भरत नाही. अंगठा आणि बोटात धरून दाबायचं. भुगा झाला तर वाळलं. चेपलं आणि परत फुगलं तर अजून दोन दिवस. त्यानंतरही मूठभर फुलं काचेच्या बरणीत एक रात्र ठेवते. सकाळी काचेवर धुकं धरलेलं दिसलं की सगळा माल परत जाळीवर.

वाळलेला माल उजेडापासून दूर, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. वर्षभरात संपवायचा. दुसऱ्या वर्षीचं कॅमोमाइल म्हणजे गवत पिल्यासारखं लागतं.

आता वही काढा

पहिल्या वर्षी माझ्याकडे २४ कुंड्या होत्या, ७२ झाडं. हंगामात सात तोडण्या झाल्या. ओली फुलं सुमारे दीड किलो निघाली. वाळून साधारण पाचातला एक भाग उरतो, म्हणजे २९० ग्रॅम. होय, ग्रॅम. अख्ख्या गच्चीचा अख्खा हिवाळा एका मध्यम बरणीत मावला.

२० ग्रॅमचं पाकीट केलं तर १४ पाकिटं. १६० रुपये भाव धरा, २,२४० रुपये. आता खर्च बघा. कुंड्या २,१६० रुपयांच्या, त्या चार वर्षं टिकतील असं धरून या वर्षाचा वाटा ५४०. मातीच्या मिश्रणाचा तीन हंगामांत वाटलेला भाग ४००. बी १५०. पाउच आणि लेबल १२ रुपयांप्रमाणे १६८. एकूण १,२५८. हातात ९८२ रुपये, तेही एक फूलसुद्धा वाया गेलं नाही असं धरून! प्रत्यक्षात बुरशीने चार पाकिटं खाल्ली होती.

आणि वेळ? एका तासात मी सुमारे २५० ग्रॅम ओली फुलं तोडते, म्हणजे वाळलेली जेमतेम ५० ग्रॅम. तोडणीचे सहा तास, देठं काढणं, पसरणं, भरणं यात पाच तास. पाणी घालणं आणि निगा यात हंगामभराचे मिळून २५ तास. एकूण ३६. भागाकार करा, तासाला २७ रुपये. दुकानात मला मदत करणाऱ्या ताईंना मी यापेक्षा कितीतरी जास्त देते. म्हणजे मी स्वतःलाच कमी पगारावर ठेवलं होतं आणि वर "नफा झाला" म्हणून पेढे वाटणार होते.

"कमी जागेत लाखोंचं उत्पन्न देणारं फूल" अशी जी वाक्यं तुमच्या मोबाइलवर येतात, त्यांच्यापुढे हा भागाकार ठेवून बघा. तेल काढायचं म्हणाल तर फुलांपासून निळं तेल निघतं हे खरं. ताज्या फुलात तो निळा रंग नसतो, वाफेने तेल काढताना तयार होतो. सुंदर प्रकार आहे, पण त्याला ऊर्ध्वपातनाचं यंत्र आणि शेतभर फुलं लागतात. गच्चीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

मग मी बंद का केलं नाही? कारण दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट रोपांची. एका बी-पाकिटातून शेकड्याने रोपं होतात, आणि मी त्यातली बहात्तर लावून बाकीची उपटून फेकली होती! दुसऱ्या वर्षी १०० रोपं छोट्या पिशव्यांत वाढवली. पिशवी, माती, बी सगळं धरून रोपाला १५ रुपये, म्हणजे १,५०० रुपये खर्च. ८२ धड निघाली. डिसेंबर-जानेवारीत फुलं दिसायला लागल्यावरच दुकानाच्या पायरीवर मांडली, ७० रुपयांना एक. नुसतं हिरवं रोप असताना कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, पांढरी फुलं दिसली तशी लोकांची पावलं थांबायला लागली. ७१ गेली, ४,९७० रुपये आले, खर्च वजा जाता ३,४७०. वेळ लागला ३० तास. तासाला ११५ रुपये पडले. ना वाळवण, ना बुरशी.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. आपल्या परसात गवती चहाची जुडी असतेच, नको म्हटलं तरी फोफावते. तिची पात सावलीत वाळवली आणि २० ग्रॅमच्या पाकिटात १३ ग्रॅम पात, ५ ग्रॅम कॅमोमाइल, २ ग्रॅम वाळलेली तुळस असं मिश्रण केलं. नुसतं कॅमोमाइल आपल्या जिभेला फिकं लागतं, हे मला गिऱ्हाइकांनीच सांगितलं होतं. गवती पातीने त्याला ओळखीची चव आली. आणि हिशोब बघा, २८० ग्रॅम फुलांत १४ ऐवजी ५६ पाकिटं. ११० रुपयांनी ६,१६०. खर्च १,७६२, कारण पाउच जास्त लागले. उरले ४,३९८. पात कापायला-वाळवायला-मिसळायला दहा तास जादा धरले तरी तासाला ९५ रुपये पडतात. फुलं तेवढीच, गच्चीही तीच.

हे आकडे माझ्या गच्चीचे आणि माझ्या गल्लीच्या भावाचे आहेत. तुमचे वेगळे येतील. पण रकाने हेच ठेवा आणि वेळेचा रकाना रिकामा सोडू नका.

कप कसा करायचा, हे गिऱ्हाइकाला शिकवावं लागतं

आपण चहा उकळणारी माणसं. पहिल्या वर्षी एक गिऱ्हाईक परत आलं, "काहीच चव नाही हो." विचारलं तर त्यांनी दूध-साखर घालून तीन उकळ्या दिल्या होत्या! उकळलं की सुगंध स्वयंपाकघरात जातो, कपात राहत नाही. पाणी उकळून गॅस बंद करायचा. कपात एक-दोन चमचे वाळलेली फुलं, वर गरम पाणी आणि लगेच झाकण. बशी झाकली तरी चालेल. पाच ते आठ मिनिटांनी गाळायचं. ताजी फुलं असतील तर दुप्पट-तिप्पट घ्या. मध हवा तर घाला, मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

ही कृती मी पाकिटाच्या मागे छापली आणि "चव नाही" ही तक्रार जवळपास बंद झाली. दुकानात रोज संध्याकाळी थर्मासमध्ये करूनही ठेवते, चाखायला. त्या छोट्या कपांनी जेवढी विक्री केली तेवढी माझ्या एकाही पोस्टने केली नाही.

घरी आणखी उपयोग आहेत. गाळलेल्या थंड पाण्याने केस धुतात, चेहऱ्याला वाफ घेतात. डोळ्यांवर मात्र लावू नका आणि लावायला सांगूही नका.

पाकिटावर काय लिहायचं आणि काय नाही

हा भाग घाईत वाचू नका. पहिल्या वर्षीच्या त्या दहा पाकिटांपैकी एक आमच्या नेहमीच्या काकूंनी नेलं. झोप नीट लागत नाही म्हणाल्या, मी म्हटलं "हे घ्या, रात्री एक कप, मस्त झोप लागेल." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा आला. आवाज चढवला नाही, पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "आईच्या ओठांना रात्री सूज आली, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांकडे नेलं, आता बरी आहे. यात काय काय आहे ते त्यांनी विचारलंय." मला फक्त "फुलं" एवढंच सांगता आलं.

डॉक्टरांनी पुढे त्यांना विचारलं होतं, गाजर गवताचा त्रास आहे का? होता. दर पावसाळ्यात त्यांची कातडी लालबुंद व्हायची. मी हे फूल विकत होते आणि मला माहीत नव्हतं की गाजर गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि कॅमोमाइल ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. ज्या गाजर गवताची भारतातली नोंद १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातून झाली आणि जे आता प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर उभं आहे, त्याचा त्रास असलेली माणसं आपल्या गिऱ्हाइकांमध्ये असणारच. परदेशी पाकिटावर छापलेल्या इशाऱ्यात गाजर गवताचं नाव तुम्हाला सापडणार नाही. आपल्याला ते लिहावं लागेल.

पैसे मी परत केले, काकूंना घरी जाऊन भेटले. त्या अजूनही दुकानात येतात, हा त्यांचा मोठेपणा. पण उरलेली पाकिटं मी त्या दिवशी मागे घेतली आणि नवं लेबल होईपर्यंत विकली नाहीत.

आता माझ्या पाकिटावर पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरात आहे: "गाजर गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांची ॲलर्जी असल्यास घेऊ नये. गर्भवती व स्तनदा महिलांनी, तसेच रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये." शिवाय पाकीट हातात देताना तोंडी विचारते, "गाजर गवताचा त्रास नाही ना?" दोन-तीन जणांना तिथल्या तिथे "मग नका घेऊ" म्हटलंय. विक्री गेली, जाऊ दे.

"मस्त झोप लागेल" हे वाक्य मी बंद केलं. शांत वाटावं म्हणून लोक हे फार पूर्वीपासून पितात, हे खरं. पण "निद्रानाश बरा होतो", "ताण घालवतो", "पोटाचे विकार जातात" असं काही पाकिटावर किंवा जाहिरातीत लिहिलंत तर तुम्ही खाद्यपदार्थ विकत नाही, औषधाचा दावा करताय. अन्नाच्या लेबलावर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही, आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर तर १९५४ पासूनचा स्वतंत्र कायदा आहे. इन्स्टाग्रामवर टाकलेली रीलसुद्धा जाहिरातच असते, हे विसरू नका.

नोंदणीचं थोडक्यात. घरून विकलं तरी हा अन्न व्यवसाय आहे, एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाची मूलभूत नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर घरबसल्या होते, शुल्क मी भरलं तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर टाकायचा. सोबत निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, तुमचं नाव-पत्ता आणि घटक. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. त्यामुळे माझ्या मिश्रणात गवती पात पहिली येते, कॅमोमाइल दुसरं. पुढच्या बाजूला कॅमोमाइलचा मोठा फोटो आणि आत पाव हिस्सा, असली चलाखी करू नका.

आणि एक ताजी गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने स्पष्ट केलं की "चहा" हा शब्द फक्त चहाच्या झाडापासून, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसपासून बनवलेल्या मालालाच लावता येईल. कॅमोमाइल, तुळस, जास्वंद यांच्या पाकिटावर "हर्बल टी" लिहिणं बंद. आपली गंमत अशी की गवती चहाच्या नावातच चहा आहे! मी वाद घालत बसले नाही. नव्या पाकिटावर "लेमनग्रास, कॅमोमाइल व तुळस, गरम पाण्यात मुरवून पिण्यासाठी" असं छापून घेतलं. जुन्या लेबलांचा अर्धा रोल घरी पडून आहे, मुलगी त्यांच्या मागच्या बाजूला चित्रं काढते. म्हणून सांगते, लेबलं एकदम हजार छापू नका. पहिल्या हंगामाला पन्नास पुरतात.

तुम्ही यंदा सुरू करणार असाल तर कुंड्या सहाच घ्या. दसऱ्याला बी ट्रेमध्ये पडलं पाहिजे, म्हणजे बी आत्ताच मागवा. उगवलेली सगळी रोपं ठेवा, एकही उपटू नका. त्यातली अठरा कुंड्यांत लावा आणि उरलेली पिशव्यांत. आणि ट्रे भरायच्या दिवशीच एका वहीत तारीख, वेळ आणि किती मिनिटं लागली ते लिहायला लागा. फेब्रुवारीतल्या व्हिडिओत मी माझ्या यंदाच्या वहीचं पान दाखवणार आहे, तेव्हा तुमचंही शेजारी ठेवून बघू.